आबांची पट्टी

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय बारक्या,

फोनवर सांगणार होतो, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. आज निमूट वाच. शेवटाकडं तुझ्या कामाचं आहे, पण एकदम तिथं उडी मारू नकोस.

उद्यमनगरात एका रिकाम्या शेडमध्ये आम्ही दहाबाराजण महिन्यातला एक रविवार जमतो. लाकूडकामाचे हौशी. आयटीआयमधून निवृत्त झालेले एक मास्तर आहेत, तेवढेच काय ते जाणकार. बाकी एक दातांच्या डॉक्टरीणबाई, दोन बँकवाले, इंजिनिअरिंगची एक पोरगी, आणि मी. हस लेका. खिळा ठोकताना अंगठा फोडून घेणारा मी आता रंधा मारतो.

आज मास्तरांनी रंध्याचंच प्रात्यक्षिक केलं. अर्धा तास नुसतं पातं. पंचवीस अंशांचा उतार, टोकाशी तीसचा बारीकसा. दगडावर घासता घासता मधेच थांबून पात्याच्या पाठीवरून बोट धारेकडं न्यायला लावलं. तिथं बारीक खरखर लागते. ती लागेपर्यंत घासायचं, लागली की पातं पालथं घालून ती काढून टाकायची. मी इतके दिवस खरखर यायच्या आधीच दमून उठत होतो, म्हणजे धार लावतच नव्हतो! मग पातं लाकडी रंध्यात घालून पाचर ठोकली. पातं खाली हवं तर त्याच्या डोक्यावर हळू टोला, वर हवं तर रंध्याच्या मागच्या अंगावर. पहिल्याच हाताला सागवानाची साल निघाली ती इतकी पातळ की तिच्यातून खिडकीचे गज दिसावेत. त्याच फळीवर मी उलट्या बाजूनं, लाकडाच्या रेषांच्या विरुद्ध, रंधा मारला आणि भसाभस टवके उडाले. मास्तर म्हणाले, "नस बघितली नाहीसा." एवढंच. पण सगळ्यांसमोर.

नंतर ज्यानं त्यानं आपापलं काम दाखवलं. पोरीनं हातानं कापलेल्या सांध्यांचा छोटा खण आणलेला. फटीत भुसा आणि फेविकॉल भरलाय हे तिनं स्वतःच सांगितलं. बँकवाल्यांचं देवघर देवघरच होतं, त्यावर काही लिहीत नाही. डॉक्टरीणबाईंचा पाट मात्र बघण्यासारखा, कारण तो मधोमध तडकलेला. ऐन पावसाळ्यात फळी जोडली, खालच्या दोन आडव्या पट्ट्या डिंकानं घट्ट चिकटवून टाकल्या, आणि एप्रिलात भर दुपारी काडकन आवाज. मास्तरांनी पाट उलटा केला. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला मात्र पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. पट्टी तशी चिकटवली की त्याला हलायला जागा राहत नाही, मग ते फुटतं. स्क्रूनं बसवायची आणि भोकं लांबट ठेवायची. बाई म्हणाल्या, "दाताला असं करून चालत नाही हो." शेडभर हसू.

आता तुझं. आकसण्यावर बोलणं चाललंय म्हटल्यावर शेजारच्या फौंड्रीतले एक म्हातारे पॅटर्नवाले पुढं झाले. सोबत पुलीचा लाकडी पॅटर्न, लाल रंगवलेला. वाळूत तो दाबून साचा करायचा, पॅटर्न काढून घ्यायचा आणि त्या पोकळीत रस ओतायचा. म्हणून त्याच्या कडा जराशा निमुळत्या, नाहीतर काढताना वाळू ढासळते. आणि लोखंडाचा रस थंड होताना आकसतो, मीटरला साधारण दहा मिलिमीटर. तेवढा पॅटर्न आधीच मोठा करावा लागतो. प्रत्येक मापाला हिशेब कोण करत बसणार? म्हणून मोजायची पट्टीच मोठी करतात. त्यांनी खिशातून दोन स्टीलच्या पट्ट्या काढून शून्याला शून्य लावून ठेवल्या. दुसऱ्या टोकाला तीसचा आकडा तिसाला भिडेना. तीन मिलिमीटर पुढं.

मर्दा, मला तिथंच आठवी ब चा वर्ग दिसला. तू आबांच्या पेटीतनं गुपचूप आणलेली ती चकचकीत पट्टी, आणि भूमितीच्या सरांनी मोजून लाल रेघ ओढलेला प्रत्येक त्रिकोण. दहा सेंटिमीटरची बाजू, आणि दर वेळी एक मिलिमीटर जास्त! "डोळे तपासून घे," म्हणाले होते. तपासलेसुद्धा. घरी आबांनी पेटीला हात लावला म्हणून दिली ती वेगळीच. का लावायचा नाही, ते त्यांनी काही सांगितलं नाही. सिनेमावाले बाबूराव पेंटर मूळचे मिस्त्रीच, १९१८ ला त्यांनी कॅमेरा इथंच घडवला, हे मात्र दर दिवाळीला सांगायचे.

घरी येऊन माळ्यावरची पेटी उतरवली. गल्लीतलं घर विकताना तू माझ्याकडं ठेवलेली, तशीच होती. आत वाळवी नाही, आधी तेच बघितलं. पट्टी तळाशी, तेलकट फडक्यात. रॉकेलनं गंज पुसला, तर कोपऱ्यात बारीक कोरलेलं दिसलं: एक टक्का. माझ्या साध्या पट्टीशी लावून बघितली. तीन मिलिमीटर.

रंधाही आहे. पातं गंजलंय, पण बूड सपाट आहे, आणि मागच्या बाजूला आबांच्या तळव्यानं झिजून खोलगा पडलाय. माझा हात त्यात मावत नाही, मोठा पडतो. तुझा बसेल बहुतेक. तुझी परवानगी असेल तर पातं घासून पुढच्या बैठकीला नेतो. पट्टी मात्र नेणार नाही, ती तू स्वतः येऊन घे. त्या म्हाताऱ्यांना आबांचं नाव सांगितलं तर ते चहा ठेवून उठलेच, म्हणाले, "पोरगा कुठं असतो?"

त्यांना काय सांगू ते कळव.

तुझा,
चष्म्या