अळसांद्यांवरचा ससा

सत्तरी, गोवा
18 डिसेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियातली तुझी पाच एकर जमीन सशांनी पोखरली, नव्या झाडांच्या साली सोलल्या, हे वाचून जीव हळहळला. गावात सशाचे काय करता, असे विचारलेस. यंदा माझ्याही अळसांद्यांवर, म्हणजे चवळीवर, ससा येतोय.

भात कापल्यावर अळसांदे आणि तांबडी भाजी घातली होती. चार पाने आली आणि एका सकाळी अर्धी ओळ गायब! गुरांनी खाल्ले असते तर देठ ओढून चुरगळलेले दिसले असते. हे देठ सुरीने कापल्यासारखे तिरके होते, बाजूला गोल लेंड्या. रात्री टॉर्च घेऊन मेरेवर, शेताच्या बांधावर, बसलो. काजूच्या बागेतून तो आला, थांबला, कान फिरवले. मानेवरचा काळा डाग स्पष्ट दिसला.

शेजारी म्हणाला, फासकी लाव, तारेचा फास. मी नाही म्हटले. लहानपणी आमच्याच फासकीत आमचा कुत्रा अडकला होता. तार पायात हाडापर्यंत रुतलेली. रात्रभर तो विव्हळत होता आणि आम्ही समजलो, कोल्हा ओरडतोय. ते अजून मनातून जात नाही. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने इथला ससा मारणे गुन्हाच आहे. विषाचे तर नाव नको. जानेवारी 2020 मध्ये म्हादईच्या रानात चार वाघ विषबाधेने मेले, ते तुला आठवत असेल. विष पेरणाऱ्याच्या हातात पुढचे काही राहत नाही रे.

मी कोंबड्यांची जाळी आणली. तीन फूट उंच, मातीला घट्ट टेकवून वर दगड ठेवले, बाहेरून करवंदीच्या काट्यांची वई, म्हणजे कुंपण, घातली. इथला ससा बीळ खणत नाही, गवतात खळगा करून बसतो, म्हणून जाळी पुरावी लागली नाही. रोपे कोवळी आहेत तेवढेच दिवस जपायचे.

तुझे काम मात्र याहून अवघड आहे. तुझे ससे वेगळ्या जातीचे, बिळे खणणारे, आणि मुळात तिथले नव्हेतच. टॉमस ऑस्टिन या जमीनदाराने 1859 मध्ये इंग्लंडहून आणून व्हिक्टोरियातल्या आपल्या बार्वन पार्क या जमिनीवर सोडलेल्या सशांचा हा विस्तार. त्यांना अडवायला पश्चिम ऑस्ट्रेलियाने 1800 किलोमीटरहून लांब कुंपण घातले, ते 1907 मध्ये पुरे झाले, पण त्याआधीच ससे पलीकडे पोचले होते. त्यांच्यावर दया करून तिथली झाडे जगणार नाहीत, हे मलाही पटते. तुझी जाळी तीन-चार सेंटीमीटर भोकांची हवी, आणि खालची अर्धा फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर दुमडून घाल. ससा कुंपणाच्या पायथ्याशी उकरतो, तिथेच त्याला तार लागली पाहिजे. पण नुसत्या जाळीवर विसंबू नकोस. बिळे उभी राहिली तर रिकामी केलेली जागा दुसरे ससे घेतात. नांगराने खोल फोडून बिळे मोडावी लागतात, तीही शेजाऱ्यांनी एकाच वेळी. तुझ्या एकट्याच्या पाच एकरांत हे सुटणार नाही.

काल गवत कापताना कोयत्याच्या टोकाशी एक पिल्लू दिसले. अंगावर केस, डोळे उघडे, हलले नाही. तुझ्याकडची पिल्ले बिळात आंधळी, बिनकेसांची जन्मतात. इथली जन्मतःच अशी. आई सांजावल्यावर एकदा येऊन पाजून जाते, म्हणून उचलले नाही. तेवढे गवत तसेच ठेवले आहे.

बिळांची तोंडे मोजून, कागदावर नकाशा काढून पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
बालमित्र