नेमकी तीच पानं हवी आहेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या, कुमारांसाठी लिहिलेल्या चरित्राचं परीक्षण काल रविवारच्या पुरवणीत वाचलं आणि रात्रभर डोक्यातून गेलं नाही. शाळेतल्या चिडवाचिडवीवर इतकी पानं खर्ची घालण्यापेक्षा गाण्यांवर लिहायला हवं होतं, असं आपले परीक्षक म्हणतात. त्यांचा अभ्यास असेल, पण हे वाक्य मला फार लागलं.

माझ्या भाच्याचे वरचे दात पुढे आहेत. गळा गोड आहे. सहावीत असताना स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात तो पहिल्या रांगेत होता. रंगीत तालमीच्या दिवशी बाईंनी त्याला दंडाला धरून शेवटच्या रांगेत नेऊन उभं केलं. म्हणाल्या, "फोटोत बरं दिसत नाही. तोंड जरा मिटूनच म्हण." तोंड मिटून गाणं कसं म्हणायचं, हे त्यानं घरी येऊन मला विचारलं. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ साली, ज्या बडोद्यात गायनशाळा निघाली तिथली ही गोष्ट. त्यानंतर पोरगा गायला नाही. हसू आलं तरी वरचा ओठ खाली ओढून घेतो.

आता तो पंधरा वर्षांचा आहे. हे पुस्तक त्यानं दोन रात्रींत संपवलं. झांझिबारला जन्मलेला फारोख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, आठव्या वर्षी पाचगणीच्या वसतिगृहात येतो, मुलं दातांवरून त्याला 'बकी' म्हणतात, इथवर वाचून तो स्वयंपाकघरात आला. "आत्या, त्याला चार दात जास्तीचे होते. पैसा आल्यावरही त्यानं काढले नाहीत. आवाज बदलेल म्हणून." एवढंच बोलला. मग १९८५ च्या लंडनमधल्या वेम्ब्ली स्टेडियमवरच्या कार्यक्रमाचा फोटो उघडून बसला. समोर सत्तर हजारांवर माणसं आणि हा तोंड पूर्ण उघडून गातोय.

आजारपणाचं प्रकरण मुलांना झेपणार नाही, असंही परीक्षणात आहे. एड्स झाल्याचं मर्क्युरीनं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबर १९९१ ला, तो गेला. भाच्यानं ते वाचून मला विचारलं, "इतके दिवस तो हे कुणाशी बोलला असेल गं?" मुलांना झेपतं हो. आपणच त्यांच्याशी बोलत नाही.

आणि आपल्या मुलांना हा गायक परका कसा वाटेल? बलसारा हे आडनावच वलसाडचं. मुंबईला जाताना आपली गाडी तिथे थांबते.

जाता जाता आणखी एक. परीक्षणाखाली पुस्तकाची किंमत आणि पानसंख्या छापणं आपण का बंद केलं? आज सकाळी शेजारच्या वहिनी कात्रण घेऊन आल्या, त्यांना मुलीसाठी पुस्तक हवं आहे, पण केवढ्याला मिळतं ते कळेना. कृपया छापत जा. माझी प्रत मी त्यांना देऊ शकले नाही. ती भाच्याच्या उशाशी असते.

आपली,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे