जुने गेम भुरग्यांना उघडून बघू द्या

संपादक महोदय,

जुने डॉसवरचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या संगणक प्रणालीवरचे, गेम म्हणजे नुसता टाइमपास असं म्हणून सोडून देऊ नका हो. हे गेम आजच्या संगणकावर चालवणारा डॉसबॉक्स नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, साध्या लॅपटॉपवर चालतो, जुना प्रोसेसर आणि साउंड कार्ड सॉफ्टवेअरमध्येच उभं करतो, गेम फार पळायला लागला तर सायकल्स, म्हणजे त्या नकली प्रोसेसरचा वेग, कमी करायच्या की झालं. आणि १९९३ चा डूम हा नेमबाजीचा गेम तर बघाच, त्याचे नकाशे, चित्रं, आवाज सगळं वेगळ्या वॅड फाइलमध्ये, १९९७ मध्ये सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्रॅमही खुला केला, म्हणून भुरगी स्वतःची लेव्हल बनवू शकतात, फोंड्याच्या बाजाराची सुद्धा! पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीने सुट्टीत असा वर्ग घ्यावाच. डूमच्या मूळ नकाशे-चित्रं-आवाजांऐवजी वापरता येणारा फ्रीडूम नावाचा मोफत डेटा आहे, त्यामुळे कॉपीराइटची भानगडही नाही.

- एक वाचक, फोंडा