आईचं दुखणं नुसतं वाताचं नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या आईने सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या खोलीत तीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात पानं-तंबाखू आणि दारातून येईल तेवढाच उजेड. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताने बोटं वाकडी झाली तेव्हा सूप सुटलं, घरात बसणं काही सुटलं नाही.

गेल्या वर्षी तिच्या मांड्या आणि बरगड्या दुखू लागल्या. जमिनीवरून हात टेकूनही उठवेना. मोरीपर्यंत जायची ती दोन्हीकडे झुलत, भिंत धरून. आम्ही म्हणायचो, वात वाढलाय. दवाखान्यातही वाताच्याच गोळ्या वाढवल्या. आठ महिने असेच गेले. मग एका डॉक्टरांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि आई कळवळली. सांधा नव्हे, हाड दुखत होतं. रक्तात ड जीवनसत्त्व 7 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर निघालं. 20 च्या खाली गेलं की कमतरता धरतात. अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे हाडांच्या अशा आजारात रक्तात वाढणारं एक एन्झाइम, तेही वाढलेलं. हाडं मऊ पडली होती.

हाडं ठिसूळ होणं वेगळं, त्यात हाडच विरळ होतं. मऊ हाडात साचा तयार होतो, पण त्यात कॅल्शियम-फॉस्फरस नीट भरत नाही. संधिवाताच्या रुग्णाला दोन्ही होऊ शकतं: हिंडणं-फिरणं थांबलं की ऊन मिळत नाही, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या हाडं विरळ करतात.

सोलापुरात उन्हाला काय तोटा, असं मलाही वाटलं होतं. पण अगदी सकाळच्या कोवळ्या उन्हात ड तयार करणारे किरण फार थोडे असतात, आणि खिडकीच्या काचेतून ते जवळपास येतच नाहीत.

उपचारांनी चार महिन्यांत आई भिंत न धरता चालू लागली. बोटं आहेत तशीच आहेत. ते आठ महिने मात्र मला विसरता येत नाहीत. म्हणून महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळकळीची विनंती: संधिवाताच्या रुग्णाला मांड्या-बरगड्या दुखतात, उठता येत नाही असं दिसलं, तर कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज तरी तपासा. ड ची तपासणी महाग पडते, या तीन साध्या आहेत.

आणि वाचकांनो, ड च्या 60,000 युनिटच्या पुड्या मनाने घेऊ नका. आमच्या शेजारच्या काकू आठवड्याची पुडी रोज घेत होत्या. अतिरेकाने रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.

– एक वाचक, सोलापूर