‘खोसला का घोसला’ कोल्हापुरात पुन्हा दाखवा

संपादक महोदय,

ठकसेनांवरचे विनोदी चित्रपट बहुधा भामट्यालाच डोक्यावर घेतात. दिबाकर बॅनर्जी यांचा ‘खोसला का घोसला’ (2006) फसवल्या गेलेल्या माणसाची बाजू सोडत नाही. म्हणून कोल्हापूरच्या चित्रपटप्रेमी मंडळांनी तो जरूर दाखवावा.

गोष्ट दिल्लीची. मध्यमवर्गीय खोसलांच्या प्लॉटवर जमीन बळकावणारा खुराणा कब्जा करतो आणि सोडायला 15 लाख मागतो. बोमन इराणींचा खुराणा फारसा आरडाओरडा करत नाही. गोड बोलत समोरच्याला खुर्चीतच खचवतो. हसता हसता पोटात गोळा येतो तो त्यामुळेच. मग नाटकात काम करणारी माणसं बनावट जमीनमालक आणि त्याची माणसं बनून खुराणालाच मत्स्य खात्याची जमीन विकायला काढतात. बनावट मालकाच्या भूमिकेत नवीन निश्चल लाजवाब! उत्तरार्ध मात्र जरा सोपा वाटतो.

खेळानंतर एखाद्या जाणकार वकिलाला बोलवावं आणि जमीन घेताना काय तपासायचं हे सांगायला लावावं. विक्रेत्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबून इसार (आगाऊ रक्कम) देऊ नये. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, शहरात मिळकत पत्रिका, स्वतः काढावी. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा (कर्ज वगैरे), भोगवटादार वर्ग 2 (विक्रीवर सरकारी निर्बंध असलेली जमीन) असल्यास विक्रीची परवानगी, फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी), मागच्या 30 वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल आणि सरकारी मोजणी हे सगळं आधी. चतुःसीमा (चारही बाजूंच्या हद्दी) तर जागेवर उभं राहूनच पडताळाव्यात. कब्जा कोणाचा, हे तिथेच कळतं.

– चित्रपटप्रेमी वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर