प्रादच्या अनोळखी मंडळींचे आभार

नावं विचारायची राहून गेली, म्हणून हे असं जाहीर आभार.

दक्षिण फ्रान्समधल्या पेर्पिन्यांहून मी आणि बाबा संगीत महोत्सवासाठी प्राद या गावी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मैफल होती तो सँ-मिशेल द कुक्साचा मठ गावापासून तीनेक किलोमीटर, आणि ऐंशीला टेकलेल्या माझ्या बाबांचा गुडघा दुखरा. रस्त्याकडेला गाडी थांबवून आम्हाला बसवून घेणाऱ्या आजी-आजोबा, तुमच्या मागच्या सीटवर पीचची पेटी होती. ती मांडीवर घेऊन बाबा बसले. उतरताना दोन पीच हातात कोंबलेत, ते वेगळंच!

हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये पाऊल ठेवायचं नाही म्हणून चेलोवादक पाब्लो कासाल्स याच गावात राहिले. परदेशांतही वाजवणं त्यांनी थांबवलं होतं. मग १९५० साली, संगीतकार बाखच्या द्विशताब्दी पुण्यतिथीला, व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडरच्या पुढाकाराने वादकच त्यांच्या दाराशी आले. तोच हा महोत्सव. बाबांनी कासाल्सनी वाजवलेल्या बाखच्या एकल चेलो-रचनांच्या (‘स्वीट्स’च्या) कॅसेटी घासून पांढऱ्या केल्यात.

दगडी मठात रात्री गारठा उतरतो हे आमच्या गावीही नव्हतं. शूबर्टच्या दोन चेलोंच्या क्विंटेटमधला (पाच वाद्यांच्या रचनेतला) अदाजियो, म्हणजे संथ भाग, सुरू झाला, दुसऱ्या चेलोवादकाची बोटं तारा नुसत्या छेडत होती, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी बाबांच्या खांद्यावर अलगद शाल टाकली. वळून पाहिलं तर ताई, तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत.

शाल परत करताना फ्रेंच सुचेना. बाबा सरळ मराठीत बोलले. तुम्ही मान डोलावलीत.