ताईच्या कारखान्याबद्दल

वाळूज, छत्रपती संभाजीनगर

प्रिय बाप्पा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवाच मिळालं. काल रात्रपाळी लावून घरी आल्यावर पुन्हा एकदा सावकाश वाचलं. तुझ्या लेकीला, ताईला, शर्यतीच्या गाड्यांचे पार्ट बनवायचा कारखाना टाकायचाय, आणि तू तिला ‘नोकरी बघ’ न म्हणता मला विचारायला बसलास, हे वाचून फार बरं वाटलं.

पीएमईजीपीत, म्हणजे केंद्राच्या स्वयंरोजगाराच्या कर्ज-अनुदान योजनेत, गावात, महिलेच्या नावावर कारखाना असेल तर ३५ टक्के अनुदान, आणि ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. म्हणून शेड आपल्या रानातच टाकावी आणि मशीनचा आकडा ताणून ५० लाखांपर्यंत न्यावा, असं फाइल करून देणाऱ्यानं तुला सांगितलंय. माझं मत ऐक. अनुदान मिळत असेल तर जरूर घ्या, पण कारखाना त्याच्या मापानं बेतू नका.

मी अनुदानाच्या विरुद्ध बोलायला लागलो तर खाल्लेलं मीठ आडवं येईल. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. मागास भागात कारखाने यावेत म्हणून सवलती दिल्या गेल्या. १९८५ ला बजाज वाळूजला आली आणि तिच्या आजूबाजूला आमच्यासारख्यांच्या शेडी उभ्या राहिल्या. मी मिलिंग शिकलो तेही इंडो-जर्मन टूल रूममध्ये, म्हणजे सरकारच्याच पैशावर. ते नसतं तर मी तेव्हाच पुण्याची गाडी धरली असती.

पण ताईची खरी पुंजी कोणती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मागच्या वर्षी तिच्या कॉलेजच्या बाहा गाडीचे, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्पर्धेसाठी बनवलेल्या गाडीचे, पुढचे दोन अपराइट (चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो भाग) माझ्याकडंच झाले. ७०७५ ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्यातून सगळं कोरून काढायचं. पहिला जॉब मशीनवरून उतरला, मी समाधानानं हात पुसले. तिनं भोकाचं माप घेणारं बोअर गेज लावलं, तीनदा फिरवलं आणि म्हणाली, “काका, हा वीस मायक्रॉन मोठा झालाय. बेअरिंग ढिलं बसेल. दुसरा करू, मटेरियलचे पैसे मी देते.” वीस मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. तरी दुसरा केला. बेअरिंग रात्रभर घरच्या फ्रीजरमध्ये ठेवलं होतं, ते तिनं रुमालात गुंडाळून आणलं. अपराइट भट्टीत तापवला, तिनं जाड हातमोजे घातले आणि बेअरिंग वर धरून सोडलं. ते आपल्या वजनानं खाली गेलं आणि टक् असा आवाज झाला. दहा मिनिटांनी हातोडीनंही हललं नसतं. शर्यतीतलं गिऱ्हाईक येतं ते त्या वीस मायक्रॉनसाठी.

या धंद्यात सरकारी पैसा नवा नाही. १९६० च्या दशकात फ्रान्सच्या सरकारनं मात्रा कंपनीला फॉर्म्युला वनमध्ये उतरायला पैसा दिला. त्यांनी बारा सिलिंडरचं स्वतःचं इंजिन केलं. त्याच सुमारास इंग्लंडात कीथ डकवर्थ यांच्या कॉसवर्थनं फोर्डच्या १ लाख पौंडांत आठ सिलिंडरचं डीएफव्ही इंजिन केलं. १९६७ ला झांडवूर्टला पहिल्याच शर्यतीत ते जिंकलं, जिम क्लार्कच्या हाती. पहिलं वर्ष ते फक्त क्लार्कच्या लोटस संघाकडं होतं. १९६८ पासून मात्र पैसे मोजणाऱ्या इतर संघांनाही मिळू लागलं. १९६९ ला जॅकी स्टुअर्ट जगज्जेता झाला तो मात्राच्या गाडीत. पण आत इंजिन होतं विकतचं डीएफव्ही! त्या इंजिनानं पुढं एकूण १५५ शर्यती जिंकल्या. बारा सिलिंडरचं इंजिन वाया गेलं असंही नाही, त्यावर मात्रानं १९७२ ते १९७४ सलग तीन वर्षं ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. फोर्डचा पैसा म्हणजे काही गरिबाच्या घामाचा नव्हता. मला यात मोलाचं वाटतं ते एवढंच, की इंजिन दुकानात ठेवल्यासारखं खुलं झालं. इंजिन कॉसवर्थचं घ्या, गिअरबॉक्स ह्यूलँडचा घ्या, बाकीची गाडी आपल्या शेडमध्ये जोडा आणि फेरारीच्या मागं लागा. आपल्यासारख्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना तेव्हा मैदान मिळालं.

त्याच्याही आधीची एक गोष्ट मला फार आवडते. १९३० च्या दशकात जर्मन सरकार मर्सिडीज आणि ऑटो युनियन या कंपन्यांना शर्यतीसाठी पैसे देत होतं, आणि त्यांच्यापुढं कुणी टिकत नव्हतं. फ्रान्समध्ये १९३७ ला दहा लाख फ्रँकचं बक्षीस ठेवलं गेलं: माँतलेरीच्या ट्रॅकवर २०० किलोमीटर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळून दाखवा. रने ड्रेफ्यूसनं डेलाहे या फ्रेंच कंपनीची गाडी पळवून अवघ्या काही सेकंदांनी ते पटकावलं. पुढच्या वर्षी पो गावच्या वळणावळणांच्या रस्त्यांवर त्यानंच डेलाहेमधून मर्सिडीजला हरवलं. मर्सिडीजची ताकद कितीतरी जास्त होती, पण तिला इंधनासाठी थांबावं लागलं आणि डेलाहे एकदाही थांबली नाही. पैसा आधी दिला आणि पैसा करून दाखवल्यावर दिला, यातला फरक मला या बक्षिसात दिसतो.

आता आपल्याकडचं बघ. २०२१ ला केंद्रानं वाहन उद्योगासाठी २५,९३८ कोटींची पीएलआय, म्हणजे उत्पादनाच्या हिशेबानं प्रोत्साहन देणारी, योजना आणली. सुट्या भागांच्या कारखान्याला त्यात शिरायचं तर समूहाची उलाढाल ५०० कोटींची हवी होती. आमच्या अख्ख्या गल्लीची बेरीज केली तरी तिथं पोचत नाही. याला मी खुली स्पर्धा म्हणू शकत नाही, आणि ते मला मनापासून लागतं. उलट मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. केंद्राचं अनुदान आणि इथल्या उद्योजकांची वर्गणी यातून ते उभं राहिलं. मोजमापाची, चाचणीची यंत्रं एकट्यानं घ्यायची तर कंबर मोडेल, ती तिथं भाड्यानं वापरता येतात. सरकारनं असलं काही द्यावं. सगळ्यांची विहीर खणावी, पाणी ज्यानं त्यानं ओढावं.

माझ्या अनुभवाचं एकच सांगतो. मीही एकदा मंजूर झालेल्या अनुदानावर भिस्त ठेवून मशीन घेतलं. पैसे वेळेवर आले नाहीत, बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा. शेवटी पहिली लेथ विकली, तुझ्यासोबत जाऊन आणलेली. म्हणून नीट समजून घे: पीएमईजीपीचं अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं, मग कर्जात वळतं होतं. तीन वर्षं कारखाना जगायला लागतो तो गिऱ्हाइकाच्या पैशावरच. रानातल्या शेडचंही बोलतो. शेतीच्या फिडरवर व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) चालत नाही, आणि उद्योगाची वेगळी लाइन मिळाली तरी आपल्याकडं वीज कशी खेळते ते तू मोटारीवर रोज बघतोस. फिनिशिंगच्या कटात लाइट गेली की टूलही गेलं आणि जॉबही.

माझ्या मनात असं आहे: पहिलं वर्ष तिनं माझ्या शेडमध्ये काढावं. रात्री दहानंतर एक मशीन रिकामंच असतं. विजेचे आणि टूलचे पैसे द्यावेत, भाडं नको. चार कॉलेजांचे संघ आणि एखादा रॅलीवाला असं गिऱ्हाईक तिनं स्वतः जोडावं. बिलं जमली की मग प्रकल्प अहवालात खरे आकडे लिहा, तेव्हा ते ३५ टक्के मागायला मीच तुझ्याबरोबर येईन.

येत्या रविवारी तिला पाठव. मध्यवर्ती बसस्थानकावर उतरली की फोन कर म्हणावं, मी न्यायला येतो. तो पहिला, वीस मायक्रॉननं चुकलेला अपराइट मी भंगारात टाकलेला नाही. मशीनशेजारच्या खिडकीत आहे, तो तिला द्यायचाय.

वहिनींना नमस्कार. यंदा तूर कशी आहे ते कळव.

तुझाच,
वाळूजवाला